घरच्या सभेत ख्रिस्ताच्या प्रीतीवर मनन कसं मांडावं: उपवासकाळाच्या सहा शुक्रवारांसाठी

इंदूरमध्ये आपली रविवारची उपासना बहुतेक हिंदीत होते. गीतं, शास्त्रपाठ, संदेश सगळं हिंदीत. त्यामुळे आजीच्या मराठीत देवाशी बोलायची जागा म्हणजे घरची सभा. उपवासकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, ज्याला आपण सरसकट लेंट म्हणतो, सुरू झाला की या सभा वाढतात आणि फोन येतो, "या शुक्रवारी मनन तुमच्याकडे बरं का!" मनन म्हणजे शास्त्रातल्या एका उताऱ्यावर थोडा वेळ बोलणं. पाळकसाहेब सगळ्या घरांना पुरे पडत नाहीत. मग शाळेत शिकवणाऱ्या ताई, बँकेतून निवृत्त झालेले काका, नर्सिंग करणारी एखादी मुलगी, यांच्यावर ते काम येतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. देवाच्या प्रीतीवर बोलताना आपण तिचं कौतुक भरपूर करतो, पण त्या प्रीतीपायी कोणी काय दिलं ते सांगायचं राहून जातं. शास्त्र, म्हणजे बायबल, तसं करत नाही. योहान ३:१६ मध्ये "देवाने जगावर एवढी प्रीती केली की" म्हटल्याबरोबर पुढचे शब्द आहेत "त्याने आपला एकुलता एक पुत्र दिला". प्रीती केली आणि दिला, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. म्हणून मनन तयार करताना शेवटपर्यंत एकच प्रश्न हाताशी ठेवा: इथे कोणी काय दिलं? हा प्रश्न धरला की कुठलाही उतारा उघडतो.

तारखा आणि घरं

ईस्टर, येशूच्या पुनरुत्थानाचा सण, दर वर्षी पुढे-मागे होतो. चर्चच्या गणिताप्रमाणे २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर, त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. मधले ६ रविवार उपवासात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. उरतात ते ४०. या काळात ७ शुक्रवार पडतात. सातवा म्हणजे उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), तो मंडळीबरोबर चर्चमध्ये. घरच्या सभांना सहा राहिले.

राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी कॅलेंडर घेऊन बसा आणि सहा घरं, सहा बोलणारी माणसं लिहून टाका. सहाही मननं एकाच माणसाकडे देऊ नका, तो कितीही चांगला बोलत असला तरी. हे दिवस परीक्षांचे असतात, म्हणून दहावी-बारावीची मुलं असलेली घरं शेवटच्या दोन शुक्रवारांना घ्या. रंगपंचमीही बहुधा याच काळात येते. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी जुन्या शहरातून गाडी काढणं शक्य नसतं, तेव्हा ती नेमकी शुक्रवारी आली तर सभा गुरुवारीच घ्यावी. वेळ संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. तासाभरात संपते हे माहीत असलं की रात्रपाळीच्या नर्ससुद्धा येतात.

उतारे कोणते घ्यावेत

बरेच जण उपवासकाळाची सुरुवात पापापासून करतात. मी पित्यापासून करा म्हणेन. पहिल्या शुक्रवारी लूक १५:११-३२ वाचा, धाकट्या मुलाचा दाखला. "तो दूर आहे तोच त्याच्या बापाने त्याला पाहिले" हे वाक्य सगळ्या उपवासकाळाचं दार आहे. म्हातारा बाप वाटेकडे डोळे लावून बसलेला होता, आणि दिसल्याबरोबर धावला. त्या काळच्या पोक्त, जमीनजुमला असलेल्या माणसाने गावादेखत असं धावणं म्हणजे आपली पत रस्त्यावर सांडणं. कोणी काय दिलं? बापाने आधी मालमत्तेचा वाटा दिला, मग आपला मान दिला. मोठा मुलगा अंगणात रुसून बसला तेव्हा त्याला समजवायलाही बापच बाहेर आला. आपल्यापैकी बरेच जण त्या मोठ्या मुलाच्या जागी आहेत, तेव्हा दाखल्याचा तो उत्तरार्ध गाळू नका.

दुसऱ्या शुक्रवारी मार्क १४:३-९. बेथानीत एक बाई अलाबास्त्राची कुपी फोडून जटामांसीचं तेल येशूच्या मस्तकावर ओतते. जटामांसी हिमालयात उगवते, म्हणजे ते तेल आपल्याच बाजूने डोंगर-वाळवंट ओलांडून तिथे गेलेलं असणार. भोवतालचे लोक किंमत काढतात: तीनशे दिनारांपेक्षा जास्त. मत्तय २० मधल्या दाखल्यात मजुराची एका दिवसाची मजुरी एक दिनार आहे. म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई एका संध्याकाळी. सभेत हा हिशोब मोठ्याने करा. आजच्या मजुरीने गुणून पाहा, मुलांना करू द्या. "एवढं कशाला?" हा प्रश्न त्या खोलीतल्या लोकांना पडला, आपल्यालाही पडायला हवा. तो पडल्याशिवाय येशूने तिची बाजू का घेतली हे कळत नाही.

तिसऱ्याला योहान १०:११-१८, उत्तम मेंढपाळ. चौथ्याला योहान १२:२०-२६. पाचव्याला फिलिप्पैकरांस २:१-११, हे पत्रातलं असल्यामुळे गोष्ट नाही, ज्याला शिकवायची सवय आहे त्याच्याकडे द्या. सहाव्याला योहान १३:१-१७, पाय धुण्याचा प्रसंग.

चौथ्या शुक्रवारच्या उताऱ्याबद्दल थोडं सांगायचंय. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो आणि मेला तर पुष्कळ पीक देतो, हे येशूचं वाक्य माळव्यात बरोबर गव्हाच्या काढणीच्या दिवसांत वाचलं जातं. मार्चमध्ये उज्जैन रोडला किंवा देवासकडे जा, दोन्ही बाजूंना पिकलेलं शेत, हार्वेस्टर आणि मंडीकडे निघालेल्या ट्रॉल्यांची रांग. सभेच्या घरी एक ओंबी आणून ठेवा. हातोहात फिरवा, प्रत्येकाने दाणे मोजावेत. हे सगळे दाणे पेरलेल्या एका दाण्याचे, आणि तो दाणा आता शोधूनही सापडणार नाही. येशू हे कधी म्हणाला ते मात्र सांगायला विसरू नका: काही ग्रीक लोक त्याला भेटायला आले, नाव झालं, लोक दुरून येऊ लागले, आणि नेमक्या त्याच वेळी तो मरणाबद्दल बोलला.

वाचायचं कसं

आता प्रत्यक्ष तयारी. सहाव्या शुक्रवारचा उतारा उदाहरणाला घेते.

सभेच्या आदल्या रविवारी दुपारी सुरुवात करा. शुक्रवारी सकाळी पोळ्या करता करता जे सुचतं ते वरवरचं असतं. पहिल्यांदा उतारा मोठ्याने वाचा, एकट्याने. मनातल्या मनात वाचताना डोळे ओळखीच्या ओळींवरून घसरत जातात, जीभ घसरत नाही. मग आधीचा आणि पुढचा भाग वाचा. योहान १३:१-१७ घेतलंत तर ३० व्या वचनापर्यंत जा, कारण तिथेच खरी गोष्ट आहे, ती पुढे येईल.

सोमवारी पुन्हा वाचा, या वेळी वही घेऊन. आपलं मत लिहायचं नाही. काय घडलं तेवढं, क्रमाने, क्रियापदांसकट. तो भोजनावरून उठला. बाह्यवस्त्रं काढून ठेवली. रुमाल घेतला. कमरेला बांधला. गंगाळात पाणी ओतलं. पाय धुऊ लागला. पुसू लागला. असं लिहिलं की आपसूक दिसतं की योहान इथे घाई करत नाही. एरवी मोठमोठ्या चमत्कारांचा प्रत्यक्ष क्षण दोन-तीन वाक्यांत सांगणारा माणूस इथे रुमाल कमरेला कसा बांधला हेसुद्धा सांगतो. शास्त्र ज्या ठिकाणी हळू चालतं तिथे आपणही थांबायचं.

मंगळवारी प्रश्न काढा. कोण कोण खोलीत होतं? केव्हा? आधी काय माहीत होतं? तिसरं वचन म्हणतं की पित्याने सगळं आपल्या हाती दिलं आहे हे येशूला माहीत होतं. ज्या हातात सगळं दिलं आहे त्या हातांनी पुढच्याच वचनात रुमाल उचलला. आणि ३० वं वचन म्हणतं की यहूदा, येशूला धरून देणारा शिष्य, नंतर बाहेर गेला. म्हणजे पाय धुतले तेव्हा तो तिथेच होता. दुसऱ्या आणि अकराव्या वचनावरून स्पष्ट आहे की येशूला त्याच्या मनातलं ठाऊक होतं. पाणी, रुमाल, पाय, आणि पलीकडे ज्याने सौदा केलाय तो माणूस. त्याला वगळलं असं योहान कुठेही म्हणत नाही.

बुधवारी काही लिहू नका. उतारा एकदा वाचा आणि दहा मिनिटं गप्प बसा. घरात जागा नसेल तर गच्चीवर जा, बसमध्ये बसा. प्रार्थना एवढीच, "प्रभू, यातलं माझ्यासाठी काय आहे?" ज्याला या उताऱ्याने काहीच विचारलं नाही त्याने तो दुसऱ्यांना समजावू नये, असं मला मनापासून वाटतं. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं उदाहरण घ्या. त्याला पाय धुऊन घेणं जड गेलं. आपल्यातली कितीतरी कर्ती माणसं अशीच असतात, सगळ्यांचं करतात, पण आजारपणात कुणी पाणी आणून दिलं तर संकोचाने अर्धी होतात. कृपा घेता येणं हेही शिकावं लागतं.

लिहायचं गुरुवारी.

तीन ठिकाणी जपून

लिहायच्या आधी हे वाचा, कारण प्रीती आणि बलिदान या विषयावर चुकीचं बोललं तर ऐकणाऱ्याला इजा होते.

पहिली गोष्ट, वधस्तंभाचं वर्णन. खिळे, काटे, फटके यांचं रंगवून रंगवून वर्णन केलं की डोळ्यांत पाणी येतं आणि बोलणाऱ्याला वाटतं मनन साधलं. मत्तय, मार्क, लूक, योहान ही चारही शुभवर्तमानं वाचून पाहा, खिळे ठोकण्याबद्दल तिथे जवळजवळ काहीच नाही. 'त्यांनी त्याला वधस्तंभावर खिळले' एवढंच. ती लिहिणाऱ्यांनी जागा दिली ती येशूच्या शब्दांना, शेजारच्या चोराला, आईला, वधस्तंभ वाहणाऱ्या कुरेनेकर शिमोनाला. आपणही तसंच करावं.

दुसरी, पित्याची प्रतिमा. 'देव रागावला होता, त्याला कुणाला तरी मारायचंच होतं, येशू मध्ये पडला' असं ऐकून मोठी झालेली मुलं पुढे देवाला घाबरतात, त्याच्यावर प्रीती करू शकत नाहीत. करिंथकरांस दुसरं पत्र ५:१९ सांगतं की देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाचा आपल्याशी समेट करत होता. योहान १०:१८ मध्ये येशू म्हणतो की माझा प्राण माझ्याकडून कोणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. पिता आणि पुत्र एका बाजूला आहेत, आणि त्या बाजूची दिशा आपल्याकडे आहे. रोमकरांस ५:८ इथे वाचावं: "आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला." आपण सुधारल्यावर नाही.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. त्याग हा ज्याचा त्याने करायचा असतो, दुसऱ्याकडून करवून घ्यायचा नसतो. आपल्या समाजात, ख्रिस्ती घरांतसुद्धा, त्यागाचा उपदेश नेमका सुनेला, विधवेला, धाकट्या बहिणीला केला जातो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'हा तुझा वधस्तंभ, वाहून ने' म्हणणं हे शास्त्राचं काम नाही. येशूने आपला प्राण मुक्तपणे दिला, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या बाजूने तो उभा राहिला. सभेत बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी काय चाललंय हे आपल्याला कळत नाही. म्हणून त्यागाबद्दल बोलताना एक वाक्य आवर्जून घाला की अत्याचार सोसत राहणं म्हणजे ख्रिस्ताचं अनुकरण नव्हे, अशा वेळी मदत मागावी, आणि मंडळीने ती द्यावी. हे वाक्य नुसतं मनात ठेवू नका, उच्चारा. कुणाला तरी त्याचीच गरज असेल.

लिहिणं

दहा मिनिटं बोलायचं तर साधारण हजार शब्द लागतात. त्याहून जास्त नको. एक उतारा, त्यातली एकच गोष्ट, एक उदाहरण, शेवटी एक प्रश्न. उताऱ्यात पाच सुंदर गोष्टी दिसल्या असतील तर चार वहीत राहू द्या, पुढच्या वर्षी कामाला येतील. आणखी वचनं शोधत बसायचीही गरज नाही. एका मननात आठ संदर्भ आले की लोक पानं उलटत बसतात.

भाषा घरातलीच हवी. शास्त्रातली मराठी जशीच्या तशी वाचा, तिला तिचं भारदस्तपण आहे, पण स्वतःचं बोलणं त्या भाषेत करायला जाऊ नका. आपली मुलं हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात, काहींना देवनागरी येते पण मराठी शास्त्र अडखळत वाचतात. त्यांना तोच उतारा हिंदीतून वाचू द्या, एकदा मराठीत, एकदा हिंदीत. त्यावरून मुलांना टोचून बोललात तर पुढच्या शुक्रवारी ती येणार नाहीत.

योहान १३ वरचा एक तुकडा नमुन्यादाखल देते. कसं बोलावं याचा अंदाज यावा एवढ्यासाठी:

"आपल्याकडे पाय कोणाचे धुतात? लग्नात नवऱ्या मुलाचे, मुलीचे आईवडील धुतात. घरी आलेल्या संतमहंतांचे धुतात. पाणी नेहमी मोठ्याच्या पायांवर पडतं. या खोलीत उलटं झालं. ज्याला बाकीचे गुरुजी आणि प्रभू म्हणत होते तो उठला, अंगरखा काढला, गड्याचं काम करायला बसला. बारा जण होते, म्हणजे चोवीस पाय. रस्त्याच्या धुळीने भरलेले. पेत्र नको म्हणाला, तेवढा भाग आपल्याला पाठ आहे. पण यहूदाकडे आल्यावर काय झालं असेल याचा आपण विचार केलाय का? येशूने त्याची टाच हातात घेतली असेल. त्याच्याकडे पाहिलं असेल. त्याला माहीत होतं की हे पाय थोड्याच वेळात कुठे चालत जाणार आहेत. तरी पाणी तेवढंच गरम आणि रुमाल तेवढाच मऊ होता. आपण प्रीती करतो, पण आधी खात्री करून घेतो की समोरचा परत देईल. येशूने ती खात्री मागितलीच नाही. या आठवड्यात तुमच्यासमोर असा कोण आहे, ज्याचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे आणि तरी ज्याचं काहीतरी करायचंय?"

हा तुकडा दीड-दोन मिनिटांचा आहे. याच्या आधी उताऱ्याची ओळख, नंतर एखादं उदाहरण, की मनन झालं. लिहून झाल्यावर घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. बारा वर्षांच्या मुलाला जिथे कळलं नाही तिथे वाक्य तोडा.

उदाहरण जवळचं घ्या

परदेशातल्या मिशनऱ्यांच्या, कुठून कुठून मोबाइलवर फिरत आलेल्या गोष्टी सांगू नका. त्या खऱ्या की खोट्या तेही कळत नाही. इंदूरच्या माणसांसमोर बोलताना सिस्टर रानी मारियांचं उदाहरण आहे, आणि आपण प्रॉटेस्टंट असलो तरी ते आपलंही आहे.

१९५४ साली केरळात जन्मलेल्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या कॅथॉलिक संघातल्या या सिस्टर देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला भूमिहीन, कर्जबाजारी आदिवासींमध्ये काम करत होत्या. सावकाराच्या पाशातून लोक सुटू लागले तसे काही जण दुखावले. २५ फेब्रुवारी १९९५ ला त्या उदयनगरहून इंदूरला बसने निघाल्या असताना वाटेत नाचनबोरजवळ त्यांची चाकूने हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच कॅथॉलिक चर्चने त्यांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केलं.

बहुतेक लोक गोष्ट इथे थांबवतात. तुम्ही थांबू नका. त्यांची सख्खी धाकटी बहीण, तीही सिस्टरच, २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधून आली. भाऊ मानलं. २००६ मध्ये तो सुटला, पुढे केरळात जाऊन त्यांच्या आईवडिलांना भेटला, आणि त्या घराने त्याला जवळ केलं. वधस्तंभावरून येशू म्हणाला, "हे बापा, त्यांना क्षमा कर," ते वाचताना हे शब्द दोन हजार वर्षांपूर्वीचे वाटतात. आपल्या शहरापासून बसच्या अंतरावर ते कुणीतरी पाळून दाखवले आहेत. राखी पहिल्याच दिवशी बांधली गेली नाही, मध्ये सात वर्षं गेली, हे सांगणं ऐकणाऱ्यावर उपकार करण्यासारखं आहे.

हे सांगताना घावांचा आकडा सांगू नका आणि कुठल्याही समाजावर बोट ठेवू नका. ज्या कुटुंबाने क्षमा केली त्यांच्या नावाने कडवटपणा पसरवणं त्यांचाच अपमान आहे.

त्या संध्याकाळी

क्रम साधा ठेवावा. एक गीत, शक्यतो ओवी-अभंगाच्या चालीचं, म्हणजे टाळ आणि पेटी एवढ्यावर भागतं आणि आजीलाही सूर धरता येतो. सुरुवातीची छोटी प्रार्थना, शास्त्रपाठ, मनन. मननानंतर लगेच गीत सुरू करू नका. दोन मिनिटं शांतता, घड्याळ लावून. पहिल्या शुक्रवारी लोक चुळबुळ करतात, तिसऱ्यापर्यंत त्याचीच वाट पाहू लागतात. मग आजारी, परीक्षेला बसलेले, नोकरी गेलेले यांच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना, पण नावापलीकडे तपशील नको. कुणाच्या घरातली भांडणं प्रार्थनेच्या निमित्ताने चव्हाट्यावर आणू नयेत. शेवटी प्रभूची प्रार्थना.

उपवासकाळ आहे, तेव्हा चहा आणि बिस्कीट एवढंच. एका घरी साबुदाणा वडे झाले की पुढच्या घराला कचोरी करावी लागते आणि सहाव्या शुक्रवारपर्यंत यजमानीण स्वयंपाकघरातच अडकते. मनन चालू असताना गॅसपाशी कोणीही नसावं, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. शेजारचे कोणी आपुलकीने येऊन बसले तर आनंदाने जागा द्या, पण त्यांना उद्देशून बोलू नका. ही घरच्यांची प्रार्थना आहे, ती जशी आहे तशी त्यांनी ऐकावी.

सहाव्या शुक्रवारी पाय धुण्याची कृती करायची असेल तर आदल्या दिवशी दोघांना विचारून ठेवा. अचानक कोणाच्या पायांशी बसू नये. कोमट पाणी, परात, दोन स्वच्छ टॉवेल. बायकांचे पाय बाईने, पुरुषांचे पुरुषाने धुवावेत, आणि धुणारा वयाने मोठा असावा. घरच्या सासूबाई राजी असतील आणि सुनेलाही चालणार असेल तर त्यांनी तिचे पाय धुवावेत. कोणीही फोटो काढायचा नाही.

पुढच्या शुक्रवारपर्यंत

योहानाचं पहिलं पत्र ३:१६ मध्ये प्राण अर्पण करण्याबद्दल आहे आणि लगेच १७ व्या वचनात गरजू भावाला पाहून हात आखडणाऱ्याबद्दल. योहानाने एवढ्या मोठ्या गोष्टीनंतर लगेच पैशाअडक्याची गोष्ट काढली. आपणही काढावी. प्रत्येक सभेच्या शेवटी एक कृती सांगा, आठवड्यात होण्यासारखी, आणि ती करणाऱ्याला काहीतरी सोडावं लागेल अशी.

उपवासाचे पैसे वेगळे काढणं ही सगळ्यांना जमणारी कृती आहे. यशया ५८ मध्ये देवाला आवडणारा उपवास सांगितलाय: बंध सोडणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं. जेवण टाळून वाचलेले पैसे आपल्याच खिशात राहिले तर ते पथ्य झालं. रविवारची पोहे-जिलबी, छप्पनवरची खाण्याची चक्कर, सराफ्यातली खाण्याची रात्र, यातलं जे सोडाल त्याचे पैसे त्याच वेळी डब्यात टाका. मुलांना आपला डबा वेगळा द्या. किती टाकले हे एकमेकांना सांगायचं नाही, मत्तय ६ मध्ये येशूने ते स्पष्ट सांगितलंय.

दुसरी कृती वेळेची. शहरातल्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलमध्ये बाहेरगावचे कितीतरी नातेवाईक वॉर्डाबाहेर दिवस काढत असतात. आपल्यातल्या हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या कुणाला विचारून, परवानगीनेच, दोघा-तिघांनी जावं. डबा न्यावा, औषधाच्या दुकानापर्यंत सोबत करावी, ऐकावं. उपदेश नको, पत्रकं नकोत.

तिसरी क्षमेची, आणि ती सभेत जाहीर करायची नाही. एक चिठ्ठी, एक फोन, वर्षानुवर्षं न गेलेल्या घरी एक फेरी. समोरचा बोलला नाही तरी फेरी वाया जात नाही.

पवित्र आठवडा आणि त्यानंतर

झावळ्यांच्या रविवारपासून, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपासून, घरच्या सभा बंद ठेवा. या आठवड्यात मंडळीबरोबर राहायचं. पवित्र गुरुवारी प्रभुभोजन. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार. तुमच्याकडे त्यातला एखादा उद्गार आला तर तयारी वर सांगितली तशीच करा, फक्त वेळ निम्मा धरा. सातातले तीन लूकमध्ये आहेत, तीन योहानात, आणि "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हा मत्तय आणि मार्कमध्ये. क्रमाने चौथ्या येणाऱ्या या उद्गाराचं उत्तर द्यायला जाऊ नका. स्तोत्र २२ उघडा, त्याची पहिली ओळ तीच आहे, आणि ते स्तोत्र अखेरपर्यंत वाचून थांबा.

शनिवारी घर शांत ठेवावं. टीव्ही बंद, स्वयंपाक साधा.

शुक्रवारपाशी थांबलेलं मनन अपुरं राहतं, म्हणून ईस्टरनंतरच्या पहिल्या शुक्रवारी सातवी सभा ठेवाच. उतारा योहान २१:१-१९. उठलेला प्रभू तळ्याकाठी विस्तव पेटवून भाकर आणि मासे तयार ठेवतो आणि रात्रभर हात रिकामे राहिलेल्यांना न्याहारीला बोलावतो. मग पेत्राला तीनदा तेच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? पेत्राने नाकारलंही तीनदाच होतं. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याच्या हातात काम देतो: माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. या सभेला मात्र पोटभर जेवण करा, सगळ्यांनी एकेक पदार्थ आणावा.

जेवणाआधी डबे उघडा. मुलांचे डबे मुलांनीच मोजावेत, मोठ्यांचे सगळे एकत्र करून, म्हणजे कुणाचं किती हे कळत नाही. रक्कम वहीत लिहा. ती कोणाला द्यायची हे आधीच ठरलेलं असावं, एखाद्या मुलीची फी, कुणाचं औषध, आणि घेणाऱ्याचं नाव दोघांपलीकडे जाऊ नये. ते दोघं त्याच आठवड्यात जाऊन पैसे पोहोचवून येतील. फीची असो की औषधाची, पावती वहीत चिकटवून ठेवा, आणि त्याच पानाच्या मागे पुढच्या वर्षी मनन करणाऱ्या सहा जणांची नावं लिहायला जागा सोडा. त्यात निदान तीन नावं नवी हवीत.